सगळ्यात खालची पायरी

मुलुंडच्या एका कॉलेजात मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये फॉर्मॅलिनमधून काढलेला स्पंज होता. वर्गातला आदित्य मागून आला. त्याने माझी वेणी मुठीभोवती गुंडाळली आणि माझं तोंड ट्रेमध्ये दाबलं.

"तुझा नातेवाईक. पाया पड."

मुलं हसली. द्राव नाकात गेला, उजवा डोळा पेटला. ट्रेची कड ओठात घुसली. तो सोडेना. मी कोपर मागे हाणलं. ते त्याच्या नाकावर बसलं. त्याच्या एप्रनवर रक्त सांडलं तेव्हा हसणं थांबलं.

याची सुरुवात आदल्या आठवड्यात झाली होती. उत्क्रांती शिकवताना सरांनी फळ्यावर शिडी काढली. तळाला स्पंज, मग कृमी, मासे, बेडूक, माकड. शेंड्यावर माणूस. "लोअर अ‍ॅनिमल्स, म्हणजे खालचे," सर म्हणाले.

आदित्यने विचारलं, "सर, माणसांतपण लोअर-हायर असतं ना?"

"ते तुमच्या अ‍ॅडमिशनच्या लिस्टमध्ये बघा."

वर्ग हसला. माझा प्रवेश राखीव जागेवरचा. माझं आडनाव ऐकलं की लोकांना बाकी काही विचारावं लागत नाही.

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर तीच शिडी आली. स्पंजवर माझा चेहरा चिकटवलेला. खाली आदित्यचे शब्द: "सरकारचं सगळं शोषून घेते. स्पंजच आहे." माझ्याबरोबर रोज डबा खाणाऱ्या साक्षीनेही त्यावर हसरा चेहरा टाकला.

मी पाठ्यपुस्तक उघडलं. त्यात शिडी नव्हती. एका बुंध्यातून फुटत गेलेल्या फांद्या होत्या. आजचा स्पंज माणसाचा पूर्वज नाही. दोघांचा पूर्वज एकच, आणि तिथून आजपर्यंत यायला दोघांना सारखाच काळ लागला. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मला लहानपणापासून ज्या पायरीवर उभं केलं होतं, ती कुणीतरी हाताने काढलेली होती.

पुढच्या तासाला मी उभी राहिले. "सर, शिडी चुकीची आहे. फांद्या असतात."

"खाली बस."

"पुस्तकात आहे, सर."

"खाली बस म्हटलं ना तुला."

मी तास संपेपर्यंत उभी राहिले. त्यानंतरच्या प्रॅक्टिकलला आदित्यने माझी वेणी धरली.

ओठाला टाके घालून मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेलं. आदित्यचे वडील आधीच खुर्चीत होते. ते म्हणाले, "मुलीच्या जातीने असा हात उचलायचा?"

"कोणती जात म्हणालात?" मी विचारलं.

प्राचार्यांच्या शेजारी आमचे सर उभे होते. सरांनी मान खाली घातली.

प्राचार्य म्हणाले, "सॉरी म्हण आणि विषय संपव. नाहीतर तुला परीक्षेला बसू द्यायचं का, ते बघावं लागेल."

माझे वडील बस डेपोत मेकॅनिक. कामावरून तसेच आले होते, दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "वर्ष जाईल गं तुझं. म्हण ना सॉरी."

"नाही म्हणणार, पप्पा."

तिथून मी पोलीस स्टेशनला गेले. हवालदार म्हणाला, "कॉलेजची भांडणं कॉलेजात मिटवा." मी ग्रुपवरच्या शिडीचा फोटो टेबलावर ठेवला आणि अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला सांगितलं. नोंदवेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. वडील शेजारी बसून राहिले.

परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं. उजव्या डोळ्याने अजून धूसर दिसतं. आदित्यचा मामा दोनदा घरी येऊन गेला. "पोराचं करिअर आहे, ताई," म्हणाला. माझ्या करिअरचं त्याने विचारलं नाही.

केस मी मागे घेणार नाही. कोर्टात आदित्यचं नाव घेईन, सरांचंही घेईन. माझ्या कोपराने त्याचं नाक फुटलं हेही सांगेन. आणि पुन्हा कोणी केसांना हात घातला, तर पुन्हा फोडेन.