आपल्याच किल्ल्यावर गोळा

माझ्या हातचं मशीन आजपर्यंत कधी बंद पडलेलं नाही. जी पडली ती आधीच दुसऱ्या कोणी बिघडवून ठेवली होती.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे झालं ते लोक वेगळंच सांगतात. (लोक म्हणजे आमची ही.) माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पण इथे जबलपूरच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं लेथ चालवली, फौजेसाठी तोफगोळ्यांचे भाग काढले. मशीनच्या बाबतीत मला कोणी शिकवावं असं मला वाटत नाही.

झालं असं की माळा आवरताना व्हिडिओ गेमची पेटी निघाली. मोठा मुलगा शाळेत होता तेव्हा सदर बाजारातून आणलेली. दोन रिमोट, वायरींचा गुंता आणि एक पिवळी कॅसेट.

ही म्हणाली, "रविवारी भंगारवाला येऊन राहिला. देऊन टाका."

"काहून? चांगलं चालू मशीन आहे."

"इतकी वर्षं माळ्यावर पडलंय. चालू आहे कशावरून?"

"मी ठेवलं होतं म्हणून."

तेव्हा आमची नात सई सुट्टीला आलेली होती. ती बंगळुरूला वाढलेली, चौदा वर्षांची. मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. तिच्याजवळ डोळ्यांना बांधायचा एक चष्मा आहे. तो लावला की माणूस समुद्राच्या तळाशी जातो. मीही गेलो होतो. एक मोठा मासा अंगावर आला, त्याला चुकवायला बाजूला झालो, तर फ्रिजवर आदळलो. म्हणून त्या चष्म्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

सईने पेटी उलटीपालटी करून पाहिली. "आजोबा, ये अब कौन खेलेगा? इसमें तो कुछ है ही नहीं."

"शर्त लाव," मी म्हटलं. "एक तास खेळायचं. तासाभरात फोनला हात लागला, तर पेटी भंगारात. नाही लागला, तर पेटी घरात."

"मी साक्षीदार," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

टीव्हीच्या मागे वायरीची भोकं सापडली. कॅसेट घातली, बटण दाबलं. पडदा निळा, वर काळ्या रेघा. मी कॅसेट काढून फुंक मारली. पुन्हा रेघा. सईचा हात फोनकडे सरकायला लागला.

आता फॅक्टरीत मशीन अडलं की पहिलं काम काय? तेल. मी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि कॅसेटच्या दातांत चार थेंब सोडले. काही फरक नाही, म्हणून आणखी चार. नंतर कुपी जरा जोरात दाबली गेली. आता निळा रंग गेला, रेघाही गेल्या, पडदा पूर्ण काळा झाला आणि टेबलक्लॉथवर पुरीएवढा डाग पडला.

"आजोबा, इसको तलने वाले हो क्या?"

तेवढ्यात ही हात पुसत बाहेर आली. कॅसेट माझ्या हातातून घेतली, वातीच्या कापसाने तेल टिपलं, सईचं खोडरबर मागितलं आणि कॅसेटचे तांब्याचे दात एकेक करून घासले. मग बाजूने एक छोटी फुंक. कॅसेट आत. आणि ते जुनं संगीत वाजलं.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"तुम्ही फॅक्टरीत, पोरं शाळेत. दुपारभर मी काय भिंतीकडे बघत बसत होती?"

(घरात गेम फक्त मलाच कळतो, असं मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत होतो. ही तेव्हा चहा देत असायची.)

गेम टँकचा. विटांचा एक किल्ला, दोन टँक आपले, बाकी दुश्मनाचे. दोघांनी मिळून किल्ला सांभाळायचा. सई सांगायला लागली कोणतं बटण कशाला, तर मी म्हटलं, "पस्तीस वर्षं फौजेचं काम केलंय. टँक मला शिकवू नको."

मी टँक वळवला, बटण दाबलं आणि गोळा सरळ आपल्या किल्ल्यावर. खेळ संपला.

"आजोबा, दुश्मन उधर है."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी दुश्मनाकडे पाठ करून किल्ल्याची राखण करत होतो, तेव्हाही तेच.

"द्या इकडे," ही म्हणाली.

मी बाजूला सरकलो. ही कोपऱ्यात टँक लावून थांबायची. दुश्मन कुठून निघणार, तिला आधीच ठाऊक. सई आधी हसली, मग पुढे सरकून बसली. "आजी, लेफ्ट! आजी, मैं कवर करती हूँ."

मी बघत राहिलो. सई सांगत होती की तिचा मागच्या वर्षीचा गेम आता नव्या फोनवर उघडतच नाही. हा मात्र जिथे सोडला तिथेच थांबलेला होता. त्याच विटा, तेच टँक, आणि हरलो तर चूक कोणाची तेही स्पष्ट. मला फॅक्टरीतल्या आमच्या वर्कशॉपमधली जुनी लेथ आठवली. कॉम्प्युटरवाली मशीन आली तेव्हा जुनीला खिडकीखाली ढकललं. पण एखादा आडवातिडवा बोल्ट हवा असला की साहेब स्वतः यायचे, "दादा, ज़रा पुरानी पे निकाल दो." तिला येत होतं थोडंच. पण हात लावला की लगेच चालायची.

इतक्यात सईचा फोन थरथरला. दोघींपैकी कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं आणि तो उशीखाली सरकवला. (बेइमानी नाही, मशीनची राखण.) तास झाला, दुसरा झाला, खिचडी गार झाली.

पेटी वाचली. दुसऱ्या दिवसापासून कॅसेट घालण्याआधी फुंक मारायचं काम त्या दोघींनी मला दिलं. रिमोट दिला नाही.

रविवारी गोहलपूरचा भंगारवाला आला. रद्दी घेतली, फुटकी बादली घेतली, दारातूनच आत डोकावून म्हणाला, "और कुछ है, अम्मा?"

हिच्या हातात रिमोट होता. तिने खेळ थांबवला, पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"अभी रहने दो, भैया," ती म्हणाली. "फूँक मारने के काम आते हैं."