न हलणारा

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचे दोन्ही थोरले मुलगे मिसरूड फुटताच घर सोडून गेले, ते कायमचेच. उतारवयात तिसरा झाला, तेव्हा म्हातारा शेजारच्या मास्तरांकडे गेला.

"मास्तर, जागचं न हलणारं असं एखादं नाव सांगा."

मास्तर हसले. "अचल ठेवा. 'चल' म्हणजे हलणारा. आधी 'अ' लावला की झाला न हलणारा. डोंगराला म्हणतात."

घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. नाव बापाने गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलं होतं. धाकटा तोंडात चुका-खिळे धरून खुर्चीला कापड ठोकत असायचा आणि बाप सांगायचा, "पहिल्या दोघांच्या वेळी चुकलो. याचं नाव मात्र विचारून ठेवलंय." गिऱ्हाईक हसायचं. धाकट्यालाही हसावं लागायचं, आणि तोंडात चुका असताना धड हसताही येत नाही.

ऐन पंचविशीत त्याने एका हॉटेलच्या खुर्च्या अशा काही मढवल्या, की मॅनेजर म्हणाला, "दुसऱ्या शहरात आमचा फर्निचरचा कारखाना आहे. येतोस? खोलीही देतो."

धाकट्याने बॅग भरली. बाप म्हणाला, "जा की. मी कुठं धरून ठेवलंय?" आणि गुडघे कुरकुरत असताना एकट्यानेच सोफा उचलायला वाकला. धाकट्याने बॅग खाली ठेवून दुसरी बाजू धरली. तो सोफा झाला, मग दुसरा आला. मॅनेजरचे फोन यायचे थांबले.

पुढे पडदे शिवणारीशी त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. या खेपेला धाकटा स्वतःच मास्तरांकडे धावला. "मास्तर, आता जाणारं नाव द्या."

"'ख' म्हणजे आकाश, 'ग' म्हणजे जाणारा. खग. पण हाक मारायला बोजड. विहंग ठेव, अर्थ तोच. पक्षी."

बायकोला नाव फार आवडलं. म्हाताऱ्याने नातवाला मांडीवर घेऊन अर्थ विचारला.

"पक्षी," धाकटा बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"वा!" म्हाताऱ्याने बाळाच्या जावळावरून हात फिरवला. "पक्षी कुठंही उडो, तिन्हीसांजेला घरट्यातच येतो."

सून म्हणाली, "मामंजी, काही पक्षी समुद्र ओलांडून जातात." म्हाताऱ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

खोलीत आल्यावर ती म्हणाली, "हा रांगायला लागायच्या आत निघू या. मशीन माझं, हात तुमचे. उपाशी नाही मरणार."

"बघू."

ती भिंतीकडे तोंड करून निजली. या घरातलं 'बघू' तिला एव्हाना पाठ झालं होतं.

पण सकाळी तो खरंच हॉटेलात गेला. मॅनेजर बदलला होता. नव्या मॅनेजरने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कारखाना बंद केला आम्ही. तुमचं दुकान इथंच आहे ना? मग सगळ्या खुर्च्या तुमच्याकडेच पाठवतो. कायमचं काम समजा."

धाकटा "हो" म्हणाला. दुपारी टेम्पो आला, आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.