समितीवर गेलेली आई

मुलींच्या सरकारी बालगृहावर देखरेख ठेवायला एक समिती होती. तिच्यावर माझ्या आईची नेमणूक झाली तेव्हा आमच्या वस्तीनं आईला हार घातला. मी तेव्हा सातवीत होते. हार घालायला बायकांनी मलाही पुढं ढकललं. मी घातला, पण मनापासून नाही, आणि तेही आईच्या लक्षात आलं नाही याचा राग वेगळाच.

गोष्ट आणीबाणीच्या आधीची. जरीपटका भागाच्या अलीकडं आमची वस्ती. बाबा गिरणीत आणि आई कार्पोरेशनच्या शाळेत मास्तरीण. समितीवर तोवर सगळी भली माणसं होती. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, मग एक डॉक्टरीणबाई, एक वकिलीणबाई आणि गांधीबागेतले एक कापडाचे व्यापारी. बालगृहातल्या पोरी मात्र बहुतेक आमच्यासारख्या वस्त्यांमधल्या. त्या वस्त्यांत यांच्यापैकी कोणी कधी पाय ठेवला नव्हता. हे वर कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि हुकूम निघाला की समितीवर अशा वस्तीतलं माणूस हवं, बाई असली तर बरं. वस्तीत शिकलेल्या बायका होत्याच किती? आईचं नाव गेलं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांना अशी खुर्ची पहिल्यांदाच मिळते आहे, असं बाबा येईल-जाईल त्याला सांगत सुटले.

मला त्या खुर्चीचं काय करायचं होतं? मला आईच पुरत नव्हती. मी तिच्याच शाळेत होते. शाळेत तिला "बाई" म्हणायचं, अशी सक्त ताकीद. आठवड्याचे सहा दिवस ती साठ पोरांची बाई. रविवार तेवढा माझा. न्हाऊन झालं की ती अंगणात उन्हाला बसायची, मला पुढ्यात घ्यायची आणि माझं डोकं विंचरायची. तासभर. मी वाट्टेल ते बोलायचे आणि ती हं हं म्हणायची. समितीनं माझा हाच रविवार नेला.

पहिल्या पाहणीला काय झालं ते आईनं आल्याआल्या बाबांना सांगितलं. पोरी रांगेत उभ्या. अध्यक्षांनी विचारलं, काही तक्रार? शेजारी अधीक्षिका उभी. पोरी एका सुरात म्हणाल्या, नाही. पाहणी संपली, आता चहा. पण रांगेतली एक पोरगी सारखी डोकं खाजवत होती. आईनं फणी मागवली, व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि त्या पोरीला पुढ्यात घेतलं. सगळ्यांचा चहा आटोपला, तरी आई उवा काढतच होती. आणि पाठमोरी बसलेली ती पोरगी हळूच बोलायला लागली. अधीक्षिकेच्या भावाच्या लग्नात दोन दिवस भांडी घासायला नेलं होतं म्हणे पोरींना.

"तोंडाकडं पाहून विचारलं तं पोरगी काहीच सांगत नाही," आई म्हणाली. "डोकं आपल्या हातात आलं का बोलते."

पुढच्या बैठकीत तिनं लग्नाची गोष्ट काढली. हे तुम्हाला कुठून कळलं, असं अध्यक्षांनी विचारलं. उवा काढता काढता कळलं, असं ती म्हणाली तेव्हा सगळे हसले. पण चौकशी झाली, खरं निघालं आणि अधीक्षिकेची बदली झाली. मग काय विचारता. बाकीचे सभासद महिन्यातून एकदा फिरकायचे, आई दर रविवारी जायला लागली. इतवारीच्या बाजारात जाऊन तिनं लाकडी फण्या आणल्या, चांगल्या बारीक दातांच्या. माझ्या फणीचे दोन दात पडलेले होते, ते तिला दिसले नाहीत.

त्यातही ती एक पोरगी होतीच. पहिल्या दिवशीची, डोकं खाजवणारी. माझ्याच वयाची. तिचे केस कंबरेपर्यंत येतात, ती गणितात हुशार आहे, तिला माय-बाप दोन्ही नाहीत, हे सगळं मला भात वाढता वाढता ऐकावं लागायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गणितात मीही वाईट नव्हते. माझे केस खांद्याच्या खाली जात नव्हते, त्याला मी काय करणार?

एकदा मी मुद्दाम शेजारणीच्या पोरीच्या डोक्याला डोकं लावून दुपारभर बसले, उवा व्हाव्यात म्हणून. झाल्या. आईनं माझ्या डोक्याला घासलेट चोपडलं, वर फडकं बांधलं आणि "बस आता दोन घंटे" म्हणून बालगृहात निघून गेली. बाबा पोट धरून हसले. मला ते अजून हसण्यासारखं वाटत नाही.

मग त्या पोरीचा मामा उगवला. खेड्यातून आला, भाची ताब्यात द्या म्हणून अर्ज केला. समिती तयारच होती. रक्ताचं माणूस न्यायला आलं आहे, आणखी काय पाहिजे? पण आईच्या हातात डोकं देऊन पोरीनं सांगितलं होतं की मामाकडं आधी एक वर्ष काढलं आहे. शाळा बंद, पहाटेपासून शेण-गोठा, आणि मामीचा हात चालायचा तो वेगळा. आईनं बैठकीत हे मांडलं आणि पोरीला देऊ नका म्हणून अडून बसली. वकिलीणबाईंनी पदर सावरत म्हटलं, "इतकी कणव आहे तर तुम्हीच घेऊन जा घरी."

"नेते," आई म्हणाली.

संध्याकाळी जेवताना हे तिनं आम्हाला सांगितलं. बाबा म्हणाले, "एक ताट वाढंल. काय होते त्याले." मी घास खाली ठेवला.

"थे झोपंल कुठं?" मी विचारलं.

"तुह्याजवळ."

"मी नाही झोपू देणार."

"काहून वं?" आईनं विचारलं, आणि खरोखर तिला कळलं नव्हतं. पोरींची डोकी हातात घेऊन सगळं काढून घेणारी बाई, तिला घरात मी दिसत नव्हते. मी ताट सारून उठले. आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. शाळेत तेवढं बाई म्हणायचे, ते जरा जोरातच.

रविवारी आईनं मला बरोबर नेलं. पोरींनी एकमेकींना पाहावं, ओळख व्हावी, असा तिचा हिशेब. सायकलरिक्षात मी मनातल्या मनात मागत होते की ती काळीकुट्ट, फेंगडी, दात पुढं आलेली असू दे. ती तशी नव्हती. व्हरांड्यात उभी होती, फणी हातात घेऊन, आणि आई दिसल्यावर तिचा चेहरा जो उजळला तो पाहून मला रडूच आलं. माझा चेहरा तसाच होत असणार, रविवारी.

आई पायरीवर बसली. ती पुढ्यात बसली. मी बाजूला खांबाला टेकून उभी. आईनं तिची वेणी सोडली आणि सांगितलं, आता आमच्या घरी चाल, ही तुझी बहीण, हिच्यासंगं शाळेत जाशील. पोरीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, पायांपासून वरपर्यंत. असं मी लोकांकडं पाहते, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडं तसं कोणी पाहिलं नव्हतं.

"मले नेऊ नका बाई," ती म्हणाली. "इथं तुम्ही येता तं माह्यासाठी येता. घरी तुम्ही हिच्या माय राहाल. मले रोज पाहा लागंल. माह्यानं पाहवणार नाही."

"मंग मामाकडं जाशील का?"

"नाही. इथंच ठेवा. तुम्ही रविवारी येत जा."

आईचे हात थांबले होते. मग ते पुन्हा चालू लागले. तिनं पोरीचे केस पूर्ण विंचरले, दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. पुढच्या बैठकीत आई पुन्हा उभी राहिली आणि मॅट्रिक होईस्तोवर पोरीला बालगृहातच ठेवा म्हणून भांडली. न्यायाधीशांनी मामाचा अर्ज फेटाळला.

पण ते नंतरचं. त्या रविवारी आम्ही परत निघालो तेव्हा मला वाटत होतं की मी जिंकले. ती येणार नव्हती, घर माझं राहिलं होतं, आई माझी राहिली होती. रिक्षात मी आईला चिकटून बसले. तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला, बऱ्याच दिवसांनी. मग रस्त्याकडं पाहत ती म्हणाली, "पुढच्या रविवारपासून तू नको येऊ वं माह्यासंगं. तिले त्रास होते."

मी बरं म्हटलं.