डॉक्टर जे म्हणाल्याच नव्हत्या

सहावीत असताना आईने मला डोंबिवलीहून ठाण्याला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. टेंभी नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी मला ठोकळे जुळवायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले आणि मग बाहेर बसवलं. परत येताना मी आईला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"डोकं चांगलंय म्हणाल्या. नुसती आळशी आहेस."

डॉक्टर म्हणाल्या म्हणजे विषयच संपला. पुढे डबा शाळेत राहिला, गणिताचा पेपर अर्धा सुटला, टीचर शिकवत असताना मी समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजत बसले, की स्वतःलाच आळशी म्हणायचे. पहाटे उठून पुस्तक उघडायचे. तासाभराने पान तेच असायचं. दहावीनंतर सायन्सचा फॉर्म मी आपणहून भरला नाही. आळशी मुलीने कशाला जागा अडवायची?

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू रडवेल्या होऊन आल्या. त्यांच्या मुलीचं वर्गात लक्ष टिकत नाही, तपासून घ्या, अशी शाळेची चिठ्ठी होती.

"हल्ली ज्याच्या त्याच्या मुलांना हेच निघतंय. आपल्या वेळी होती का असली थेरं?" काकू म्हणत होत्या.

मी आत चहा गाळत होते. आईचा आवाज आला, "घाबरू नका हो. आमच्या हिचंही तेच निघालं होतं. डॉक्टरांनी लिहूनच दिलेलं, मुलगी आळशी नाही, तिला ओरडू नका, पेपरला जास्त वेळ मागून घ्या. झालीच ना ग्रॅज्युएट?"

मी चहा नेऊन ठेवला. काकू गेल्यावर विचारलं, "तो कागद कुठाय?"

"फाडला. तुझी पत्रिका बाहेर द्यायला काढली ना, तेव्हा. कोणाच्या हाती लागला असता म्हणजे?"

"आणि शाळेत का नाही दिलास?"

"कॉलनीभर झालं असतं. वेडी म्हणाले असते तुला. आळशी मुलींची लग्नं होतात गं."

"मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू प्रयत्नच सोडले असतेस."

ती कप विसळायला लागली. आवाजात अपराधीपणा नव्हता, माझं भलं केल्याचंच समाधान होतं. मला भांडता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "मी रोज प्रयत्न करत होते, आई."

"मग? झाला ना फायदा," ती म्हणाली.