संडासासाठी केलेले मोदक

आठवीच्या वर्गाला आम्ल आणि आम्लारी शिकवताना मी वीसेक वर्षं एकच प्रयोग करत आले. काचेच्या ग्लासात खायचा सोडा, वरून लिंबूसत्त्वाचं पाणी. फसफसून फेस वर येतो, पोरं टेबलाभोवती गर्दी करतात, आणि मी दरवर्षी तेच सांगते, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. गेली दोन वर्षं हा धडा मी दुसऱ्या बाईंना देऊन टाकला आहे. कुणी कारण विचारलं तर घशाचा त्रास आहे म्हणते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आई गेल्यावर इंदापूरकडच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. नरसिंहपूरच्या अलीकडे आमचा मळा. पाणी बारमाही, त्यामुळे दोडकी, वांगी, कडेला पेरूची बाग. मला भाऊ नाही. चैत्रात त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांना माझ्याकडे बारामतीला घेऊन आले. विचारलं नाही, आणलं. विचारत बसायचा माझा स्वभाव नाही. मळा चुलतभावाकडे दिला, दोन धोतरं, औषधं आणि आईचा थोडा संसार गाडीत घातला. त्यात तिचा पितळी मोदकाचा साचाही होता.

आमचा फ्लॅट लहान. संडासाचं दार थेट हॉलमध्ये, जेवायच्या टेबलापासून चार पावलांवर. ऑपरेशननंतर आबांचं पोट ताब्यात नव्हतं. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागे, आणि वास येई. खोटं कशाला बोलू, भयंकर येई. आबा बादलीवर बादली ओतत, तरी रेंगाळायचा. बाहेर आले की कुणाकडे न बघता गॅलरीत जाऊन उभे राहत.

"जेवायच्या घरातच ही सोय," एकदा म्हणाले, "कसली रीत ही? आपल्याकडं कसं, पार त्या बांधाच्या पल्याड."

"आबा, हल्ली सगळीकडे असंच असतं," मी म्हटलं, "तेवढी खिडकी उघडी ठेवत जा."

"व्हय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खिडकी सताड उघडी. तरी एकदा माझी लेक जेवता जेवता ताट घेऊन आत गेली. तिनं नाकालाही हात लावला नाही, नुसती उठली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ते मी पाहिलं होतं. पाहून मला राग आला, आणि राग आला की मी काहीतरी करायला घेते.

लेकीनंच मोबाइलवर दाखवलं. घरच्या घरी संडासात टाकायच्या वड्या, टाकली की फसफसते, भांडं धुऊन निघतं, वास जातो. सामान सगळं घरातलं. मी म्हटलं, हा तर माझ्या वर्गातला प्रयोग! रविवारी सकाळी परात घेऊन बसले. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व, निलगिरीचं तेल. पाणी मात्र अगदी जपून, इस्त्रीच्या बाटलीतून फवारा मारत, कारण जरा जास्त झालं की परातीतच फेस. पहिल्या खेपेला तेच झालं. सगळं फुगून बसलं आणि लेक हसून लोळायची बाकी राहिली. आबाही खुर्चीत बसून हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले असावेत.

दुसऱ्या खेपेला मिश्रण ओल्या वाळूसारखं जमलं. मुठीत दाबलं की गोळा राहायचा. पण बर्फाच्या ट्रेमध्ये भरलं तर निघेना, निघालं तर तुटायचं. मग मला आईचा साचा आठवला.

आमच्या घरी म्हशी होत्या, म्हणून गणपतीला खव्याचे मोदक असायचे. हा साचा आबांनी लग्नानंतर आईला जत्रेत घेऊन दिलेला. एकदा तो चुलीजवळच्या दगडावर पडला आणि एका पाकळीला पोचा आला. तेव्हापासून आमच्या घरच्या प्रत्येक मोदकाला एका बाजूला तिरकी रेघ असे. लहानपणी मी ती रेघ आधी खायची.

"अगं, आईंचा साचा आहे ना तो? नैवेद्याचा?" नवरा म्हणाला.

"धुतला की झालं. पितळ आहे, त्याला काय कळतंय," मी म्हटलं.

सोडा-लिंबूसत्त्वाचे मोदक काय सुरेख पडले! पांढरे शुभ्र, कळीदार, प्रत्येकाला ती तिरकी रेघ. वर लिंबूसत्त्वानं साचा आतून लख्ख झाला, आईनं चिंचेनं घासून झाला नसता इतका. मी सगळे मोदक वर्तमानपत्रावर वाळत घातले. आबा उठून आले. एक मोदक उचलला, रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्यात काय काय हाय?"

"सोडा आणि लिंबूसत्त्व."

"म्हंजी खायचंच की."

"खायचं नाही हो! संडासात टाकायचं. तुम्ही जाऊन आलात की दरवेळी एक टाकायचा. विसरायचं नाही." वर्गात बोलते त्याच आवाजात मी सांगितलं. संडासाबाहेरच्या कपाटावर बरणी ठेवली.

आबांनी मोदक होता तिथं ठेवला आणि हात धोतराला पुसला.

आणि वास गेला! दोन दिवसांत गेला. बरणीतले मोदक रोज तीन-चार कमी होत होते, संपत आले की मी नवे पाडत होते, संडासाच्या दाराशी निलगिरीचा मंद वास होता, लेक टेबलावर बसून जेवू लागली. मी स्टाफरूममध्ये फुशारक्या मारल्या. दोघी-तिघींनी कृती लिहून घेतली. आबांचंही बरं चाललंय असं मला वाटलं. पहाटे उठून फिरायला जाऊ लागले. "पाय मोकळे करून येतो" म्हणायचे. दुपारीही जात, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. आम्ही तिघंही तेव्हा बाहेर असायचो. मला आनंदच झाला. जेवण तेवढं कमी झालं होतं. संध्याकाळी तर ताटाकडे बघून "भूक न्हाय" म्हणायचे. आईच्या आठवणीनं असेल, असं मी धरून चालले. आणि त्यांच्यावर ओरडलेही. आबा, असं पोट मारून कसं चालेल, औषधं चालू आहेत, लहान मूल आहात का तुम्ही! ते मान हलवायचे. धोतर दिवसेंदिवस कमरेवरून खाली येऊ लागलं. मी त्याला सुतळीसारखा करगोटा आणून दिला. विज्ञानाच्या बाईंनी करगोटा आणून दिला.

श्रावणातल्या एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आबा मंडईजवळ पडले होते. आम्ही धावत गेलो. ते सार्वजनिक संडासाच्या पायरीशी बसवलेले होते, चेहरा पांढराफटक, उजवा पाय वेडावाकडा. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"तुमी लेक का?" त्या म्हणाल्या. "किती दिस झालं, संडास नीट व्हायना का तुमच्यातला?"

"कसला संडास?"

"आबा सांगायचं की. लेकीच्या घरी काम काढलंय, संडास फोडलाय. रोज येत्यात, सकाळी अन् दुपारच्याला. एवढ्या लांबनं चालत. मी म्हनायची, आबा, घाई झाली तर कसं वो? तर म्हनायचं, कमी खातो, म्हंजी दोनदाच यावं लागतं."

वास माझ्या मोदकांनी गेलाच नव्हता. आबा गेले होते, म्हणून वास गेला होता. दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि मी माझ्या सोयीची एक धरून बसले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ते जरा बोलू लागले तसं मी विचारलं. रागानंच विचारलं. मला दुसरं येतच नाही.

"आबा, घरात संडास असताना तिकडं का जात होतात?"

"पाय मोकळं व्हत्यात."

"खरं सांगा."

"तू म्हनलीस, गेलं की एक टाकायचा. पयल्या दिशी घेतला मी हातात. त्याच्यावर ती रेघ. तुझ्या आईनं जल्मभर त्याच साच्यातनं देवाला निवद केला, अन् मी त्यो तितं टाकू? हातच उचलंना माजा."

"मग टाकायचा नव्हता! मला सांगायचं ना. मी दुसरं काहीतरी केलं असतं."

"न टाकता गेलो आस्तो, तर वास आला आस्ता. तू एवढ्या हौसेनं केलंतंस." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "वासापायीच केलंस न्हवं? तुझं काय चुकलं न्हाय, पोरी."

त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. सव्वीस-सत्तावीस दिवस ते त्या खाटेवर होते. सगळं पॉटवर. मी रजा टाकली आणि त्यांचं सगळं मीच केलं, आयाला हात लावू दिला नाही. पॉट काढताना ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. एकदा तसंच भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "लई वास मारतोय का गं?"

"नाही आबा," मी म्हटलं, "काहीसुद्धा वास येत नाही."

किती सहज बोलले मी ते. नाकात तो वास भरलेला असताना, हातात ते भांडं असताना, अगदी सहज. आबांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि त्या दुपारी पेजेची अख्खी वाटी संपवली. नंतरचे चार दिवस खाल्लं. हे एवढंसं खोटं चैत्रापासून माझ्या घरात कुणाला बोलता आलं नव्हतं. मला परात, सोडा, लिंबूसत्त्व, सगळं सुचलं, तेवढं एक सुचलं नाही.

त्या वर्षी गणपतीला मी दुकानातून मोदक आणले. साचा चिंचेनं, राखेनं, मिठानं घासून पाहिला होता, निलगिरीचा वास सुटत नव्हता. अनंत चतुर्दशीच्या आधी दोन दिवस आबा गेले.

त्यांची कापडी पिशवी आवरताना तळाशी आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा निघाला, नीट गाठ मारलेला. त्यात सगळे मोदक होते. रोज बरणीतून तीन-चार काढून ते इथं आणून ठेवत होते, मला वाटावं की वापरले. एकही मोडलेला नव्हता, पण पावसाळी हवेनं ओल धरून सुजले होते, एकमेकांना चिकटले होते. रेघा मात्र बोटाला लागत होत्या.

अस्थी घेऊन आम्ही नरसिंहपूरला संगमावर गेलो. भीमा आणि नीरा दोन्ही फुगलेल्या होत्या. अस्थी सोडल्यावर मी गाठोडं सोडलं. नवरा म्हणाला, फेस येईल, लोक बघतील. मी म्हटलं, बघू देत. एक एक मोदक पाण्यात सोडत गेले. फेस आला नाही. एकाचाही आला नाही. दगडासारखे खाली गेले. जे काही फसफसायचं होतं ते त्या पिशवीत, इरकलीच्या आत, आम्हाला न कळता होऊन गेलं होतं. ते मला शिकवता येतं, कारणासकट.

शेवटचा मोदक मी तोंडात घातला. खारट, किंचित आंबट, वर निलगिरीचा कडवटपणा. आधी रेघ खाल्ली. लेक ओरडली, "आई, काय करतेस!" मी तिला म्हटलं, खायचंच की.

आता घरात आम्ही तिघंच. बरणी कधीच टाकून दिली. टेबल तिथंच आहे, संडासाचं दार चार पावलांवर आहे, खिडकी आबांनी उघडी ठेवलेली तशीच आहे. जेवायला बसले की मी अजून एकदा खोल श्वास घेऊन बघते. घरात कसलाच वास येत नाही.