वाफ गेली, कोळसा राहिला

माणगावहून दिघीकडे जाताना आमचा रंगाचा कारखाना लागतो. रंग बनवताना थिनर हवेत उडतं. ते बाहेर जाऊ नये म्हणून ती हवा करवंटीच्या कोळशातून नेतात. कोळसा थिनर धरून ठेवतो. त्याचं पोट भरलं की त्याला तापवायचं, थिनर परत काढायचं, की कोळसा पुन्हा मोकळा. आधी हे बॉयलरच्या वाफेवर चालायचं आणि मी बॉयलरवर हेल्पर होतो.

मग साहेबांनी सांगितलं, आता थेट कोळशातूनच वीज सोडून तो तापवायचा, बॉयलर बंद. आठवीत शाळा सोडून वाशिमकडून इतक्या लांब आलेल्याला विजेवर कोण ठेवणार? आईला फोनवर म्हटलं, बहुतेक परतच यावं लागेल.

आमचे मिस्त्री आगरदांड्याचे, रोज फेरीबोटीनं येणारे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ते साहेबांना म्हणाले, चाचणीला ह्याला बसू द्या, जमलं तर ठेवा.

त्या दिवशी आग लागू नये म्हणून कोळशातून आधी नायट्रोजन सोडला, मग वीज. आम्ही केबिनमध्ये, समोर खिडकीतून थंड नळीखालची, थिनर जमायची काचेची बाटली दिसत होती. आणि सगळं गप्प. वाफ कशी फुसफुसायची, पाइप ठणठणायचे, काम चाललंय हे कळायचं. इथे काहीच नाही. माझा हात सारखा वीज वाढवायच्या बटणाकडे जायला लागला.

मिस्त्रींनी आपला डबा काढून माझ्या हातात दिला. "दोन्ही हातांनी धर. झाकण ढिलं हाय, आत कोलंबीचं कालवण हाय."

"मिस्त्री, ते तापतच नाहीये."

"काट्याकडं बघ. बोलत न्हाय म्हणून काय झोपलंय व्हय ते? जास्त वीज दिलीस तर कोळसा वाया जाईल."

तापमापकाचा काटा खरंच चढत होता. मी लग्नातल्या नवरदेवासारखा ताठ बसलो. मग बाटलीत एक थेंब पडला, दुसरा पडला, आणि धार लागली. वाफेच्या वेळी थिनरमध्ये पाणी मिसळून यायचं. हे कोरडं, स्वच्छ.

साहेबांनी विचारलं, रोज हे कोण चालवणार?

"ह्योच," मिस्त्री म्हणाले. "फक्त ह्याच्या हातात डबा द्यायचा."

साहेब हसले आणि हो म्हणाले. कालवण मग मी आणि मिस्त्रींनी वाटून खाल्लं.

संध्याकाळी आईला सांगितलं, दिवाळीला येतो, पण सुट्टीवर. तिनं विचारलं, आता काम काय? म्हटलं, कोळसा तापवतो.

"मग फुकणी लागत असंल."

"नाही गं. नुसतं गप्प बसावं लागतं."

"अन् तुला जमलं?"