एसीत अडकलेली मळणी

"बोनेट नंतर. आधी मला बसू दे," असं म्हणून मिस्त्री मागचं दार उघडायचा, चपला बाहेर काढायचा आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. इंजिन चालू, एसी चालू, आणि हा गप्प. पाच मिनिटं, कधी दहा. नवखं गिऱ्हाईक आधी कौतुकाने बघायचं, मग घड्याळ बघायचं आणि शेवटी काचेवर टकटक करायचं. हा माणूस आत झोपला की काय, अशी शंका पहिल्यांदा मलाही आली होती.

शहापूरहून मुरबाडकडे येताना रस्त्याला लागूनच त्याची पत्र्याची शेड होती. त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्ही पाहिली असेल. दारात गाड्यांच्या जाळ्या धुऊन वाळत टाकलेल्या असायच्या. एसी सोडून दुसऱ्या कामाला तो हात लावत नसे. कोणी ब्रेकचं विचारलं की म्हणायचा, "ते माझं नाय. मला फक्त गारव्यातलं कळतं." आणि गारव्यातलं कळणाऱ्या या माणसाच्या शेडमध्ये साधा पंखा नव्हता! का, तर पंख्याच्या आवाजात गाडीचं ऐकू येत नाय.

मागच्या सीटचं कारण त्याने माझ्यासमोर एका तापट पुढाऱ्याला ऐकवलं होतं. "साहेब, पुढं बसलेल्याला गार कोण पण करील. मागं म्हातारी माणसं बसतात, बाळंतीण बसते. तिथं वारा पोचला पायजे." पुढारी सावलीत जाऊन बसला.

मी त्याच्याकडे गेलो तो अगदी गळ्याशी आल्यावर. माझ्या वडिलांच्या किडन्यांनी काम सोडलेलं. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिसला कल्याणला न्यायचं. सकाळी जाताना ठीक, पण परतताना भर दुपार. काचा उघडल्या की झळा आणि ट्रकची धूळ, लावल्या की गाडीची भट्टी, कारण एसीतून गरम वारा. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरला आणि तिसऱ्यांदा 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून हात वर केले.

त्या सोमवारी घरी आल्यावर बाबा दाराची चौकट धरून उभे राहिले. "आता मी येत नाय. तिथली सुई सोसते, हा रस्ता नाय सोसत. काय व्हायचं ते घरात होऊ दे."

एकदा नाही म्हटल्यावर आमचा बाप हो म्हणत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. डायलिसिस चुकवलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मास्तर माणूस मी, पण त्या संध्याकाळी गोठ्यात जाऊन पोरासारखा रडलो.

मंगळवारी मिस्त्रीला हे सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मागं तेच बसतात ना? मग त्यांनाच घेऊन ये."

बुधवारी, तलाठ्याकडे सही करायची आहे अशी थाप मारून मी बाबांना गाडीत घातलं. शेडपाशी मिस्त्री त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दोघांचे डोळे मिटलेले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाबा, गाडी थांबली का जास्त गरम, नि पळाली का जरा बरं, असं होतं काय?"

बाबांनी एक डोळा उघडला. "होतं."

मिस्त्रीने उतरून पुढचा बंपर काढला, बॅटरी मारली आणि एसीच्या जाळीवरून बोटांनी काहीतरी खरवडलं. शेणाच्या पोपड्यासारखा थर निघाला. तो त्याने तळहातावर चुरला. "मास्तर, हे तूस हाय. गाडी खळ्यावर लावलेलीस काय?"

लावली होती! मळणीच्या वेळी भात वारवायला बाबांनी मोठा पंखा लावला होता, आणि तूस शेजारच्या अंगणात जाऊ नये म्हणून समोर माझी गाडी उभी करायला लावली होती. तीन दिवसांचं तूस गाडीच्या नाकातोंडात गेलं होतं. वरून रस्त्याची धूळ बसून त्याचं लिंपण झालं होतं.

"जया भाताचं दिसतंय," मिस्त्री म्हणाला.

मागचं दार धाडकन उघडलं. "जया? आमी जन्मात जया लावला नाय! झिनी हाय ती!" बाबा काठी गाडीतच विसरून खाली उतरले होते.

"बरं, झिनी. आणि पंखा असा कोणी लावलेला?"

"मी."

"मग बाबा, एसी तुमीच बंद पाडलात की!"

बाबा हसले. चांगले खो खो हसले. ते हसणं मी वर्षभराने ऐकत होतो.

मग बाबा एका टायरवर बसले आणि दोघे तासभर भातावर भांडले. भांडता भांडताच मिस्त्रीने बारीक धारेने, जुन्या दातब्रशने जाळी साफ केली. जोराची धार मारली की पात्या मुडपतात म्हणे. जादा भरलेला गॅस त्याने काढला. "भरल्या पोटाला दोनदा जेवाय घातलंय, गाडी काय करील?" असं म्हणत भर बाराच्या उन्हात तो एसी तपासायला बाबांसोबत मागे बसून भातसानगरच्या फाट्यापर्यंत आला. परतताना बाबांनी उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं. "मिस्त्री, जरा कमी कर रे."

गुरुवारी बाबा माझ्याआधी गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. यंदा पावसाळा सरताना कळलं की रस्ता रुंद करताना मिस्त्रीची शेड गेली. फोनही लागेना. बाबा म्हणाले, "सिद्धगडाखाली गाव हाय म्हणालेला. चल, बघून येऊ."

रविवारी गेलो. घर सापडलं, पण दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "लेकीकडं गेलेत नाशिकला. तिचे दिवस भरलेत. कापणीला येतील. नाय आले तर आमी हावच."

तोवर बाबा मिस्त्रीच्या शेताच्या बांधावर पोचले होते. त्यांनी एक लोंबी हातात घेतली, दाणा नखाने दाबला. "अजून दूध हाय. वीस दिवस लागतील. बाई, सांग त्याला, सोमवार-गुरुवार सोडून कापणी धर. आमी येतोय."

मी गाडीचं दार उघडून उभा होतो. 'काय व्हायचं ते घरात होऊ दे' म्हणणारा माझा बाप दुसऱ्याच्या शेतातल्या कापणीचा वार ठरवत होता, आणि इळा घरून आणायचा की इथला मिळेल, हे त्या बाईला विचारत होता.